मोटर-वाइंडिंगच्या दुकानाची जाहिरात नेमकी कुठे करावी?

अनिकेत_वाइंडिंगवाला | ४ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

इंदुरात सुदामानगरला माझं मोटर-वाइंडिंग (जळलेल्या मोटरीत नवी तार भरणं) आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. हौदावरची मोनोब्लॉक, बोरिंगची सबमर्सिबल, कूलरचा पंप, सगळं बघतो. बाबांनी हेच काम नंदलालपुऱ्यात अठ्ठावीस वर्षं केलं आणि जाहिरातीवर एक रुपया घातला नाही. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या भागात कुणाची मोटर नुसती घुमायला लागली आणि पाणी उचलेना, की बाबांना बोलावणं यायचं.

आता बाबांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून तीन वर्षांपूर्वी दुकान घराजवळ आणलं. तोवर वाडे पडून फ्लॅट झाले, जुनी गिऱ्हाइकं निपानिया, बिचोली, राऊकडे पांगली. काम मला येतं. तांब्याचीच तार घालतो, वार्निश पूर्ण सुकल्याशिवाय मोटर देत नाही, सहा महिन्यांची हमी देतो. पण फोन वाजत नाही.

गेल्या महिन्यात पाच हजार पर्चे छापून दोन रविवार पेपरात टाकले. फोन आले सहा. त्यातले दोन, आमच्याकडे पर्चे छापा म्हणून. चौकात एक फ्लेक्स लावला तो तिसऱ्या दिवशी गायब.

एप्रिल ते जून हाच आमचा हंगाम. हातात वीस हजार आहेत, घरातून काढलेले. ते कुठे लावू? ज्यांनी स्वतः असा धंदा केलाय किंवा असा माणूस शोधलाय त्यांनी कृपया सांगा.

पोहे_उसळ | ४ एप्रिल, रात्री १०:१२

रेडिओवर द्या की! रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं केंद्र २००१ मध्ये आपल्या इंदुरातच सुरू झालं होतं. अख्खं शहर ऐकेल.

कूलरवाले_काका | ४ एप्रिल, रात्री १०:३०

@पोहे_उसळ, अख्ख्या शहरानं ऐकून हा एकटा मुलगा करणार काय? विजयनगरहून फोन आला तर जाण्यायेण्यात दोन तास आणि पेट्रोल. दुरुस्तीच्या धंद्याला चार-पाच किलोमीटरच्या आतलं गिऱ्हाईक परवडतं.

रामबागकर | ४ एप्रिल, रात्री १०:४१

वडिलांच्या कामाच्या वह्या आहेत का अजून?

अनिकेत_वाइंडिंगवाला | ४ एप्रिल, रात्री १०:४४

आहेत काका. माळ्यावर अकरा वह्या आहेत. नाव, पत्ता, मोटर किती एचपीची, काय बदललं, सगळं लिहिलेलं. का विचारलंत?

रामबागकर | ५ एप्रिल, सकाळी ७:१५

कारण ज्या जाहिरातीसाठी तुम्ही वीस हजार घेऊन बसला आहात ती वडिलांनी आधीच करून ठेवली आहे, आणि ती माळ्यावर पडून आहे.

थोडं जुनं सांगतो. १९७८ साली नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरून, जलूदहून, इंदुरात आलं. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावली यांवर भागवायचं. नर्मदा आली तरी नळ काही चोवीस तास वाहिला नाही. ठरलेल्या वेळी पाणी, मग एक दिवसाआड पाणी. म्हणून घराघरात जमिनीत हौद आला, गच्चीवर टाकी आली आणि दोघांच्या मधे मोटर आली. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणणाऱ्या माळव्यात मागून बोरिंगही खोल खोल गेलं. म्हणजे इंदुरातल्या बहुतेक घरांना तुमची गरज आहे. ती रोज नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा आहे. त्या एका दिवशी तुमचा नंबर हाताशी असला पाहिजे, बाकी सातशे दिवस तुमचा पर्चा रद्दीत जाणारच.

वह्या उतरवा. ज्यांचे नंबर आहेत त्यांना फोन करा. माल विकायला नाही. ‘बाबांनी तुमच्याकडे मोटर बसवली होती, आता काम मी बघतो, नंबर लिहून ठेवा’ एवढंच.

सौरभ_डिजिटल | ५ एप्रिल, सकाळी ९:०५

काकांचा मुद्दा चांगला आहे, पण नवीन गिऱ्हाईक वहीत नसतं. निपानियाच्या टॉवरमध्ये राहणारा, बेंगळुरूहून बदली होऊन आलेला माणूस मोटर बंद पडली की मोबाइल उघडतो आणि ‘मोटर रिपेअर नियर मी’ टाकतो. तिथे तुम्ही दिसता का? नसाल तर त्याच्यासाठी तुमचं दुकानच नाही.

अनिकेतदादा, सगळ्यात आधी गुगल बिझनेस प्रोफाइल करा. फुकट आहे. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात: दुकानाची पाटी, आजूबाजूचा रस्ता, आतली हत्यारं आणि दुकान तुमचंच आहे हे दाखवणारं काहीतरी. शटर स्वतः उघडताना दाखवलंत तरी चालतं. घरोघरी जाऊन काम करत असाल तर सेवा देण्याचे भाग वेगळे भरता येतात, वीसपर्यंत. सुदामानगर, अन्नपूर्णा, राजेंद्रनगर, वैशालीनगर असे जवळचेच भरा.

नाव जे पाटीवर आहे तेच टाका. ‘बेस्ट मोटर रिपेअर इंदूर स्वस्त’ असं नाव ठेवायचा सल्ला कुणीतरी देईल, ऐकू नका, नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद होऊ शकतं. फोटो खरे टाका. जळलेल्या वाइंडिंगचा एक आणि नव्या तारेचा एक, शेजारी शेजारी. लोकांना ते फार पटतं.

आणि ‘गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर प्रोफाइल बंद होईल’ असा फोन आला तर ठेवून द्या. प्रोफाइल चालू ठेवायला गुगल पैसे घेत नाही.

कूलरवाले_काका | ५ एप्रिल, दुपारी २:२०

गुगलबद्दल सौरभशी सहमत. पण ऑनलाइनच्या नावाखाली दुसरंही एक दुकान चालतं, त्यात मी पोळलोय ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस आला. वर्षाचे पैसे आगाऊ भरा, रोज गिऱ्हाइकाचे नंबर देऊ. भरले. नंबर यायचे, खोटं बोलत नाही. पण एकच नंबर माझ्यासारख्या पाच-सहा जणांना एकाच वेळी जायचा. मी फोन करेपर्यंत बाई म्हणायच्या, ‘भय्या, तुम्ही चौथे.’ मग भाव पाडा. साडेतीनशेचं काम दीडशेत. वर्ष संपल्यावर हिशेब केला तर कंपनीला दिलेले पैसेही निघाले नव्हते. त्यात मी सर्व्हिसिंग घाईत करायला लागलो होतो. त्याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्या हंगामात माझ्याकडे दोन तक्रारी आल्या, ज्या आधी कधी येत नव्हत्या.

तेव्हा जिथे गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येतं तिथे उभे राहा. जिथे सहा जणांत भाव पाडून काम मिळतं तिथे जाऊ नका.

प्रज्ञा_निपानिया | ५ एप्रिल, रात्री ११:१०

मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिते.

मागच्या मे महिन्यात सासूबाईंचं श्राद्ध होतं. सकाळी साडेपाचला मोटर चालू केली तर नुसता घुं आवाज आणि मग जळका वास. गच्चीची टाकी रिकामी. पंधरा माणसं जेवायला. बंगला स्वतंत्र, त्यामुळे सोसायटीचा प्लंबर वगैरे काही नाही.

मी काय केलं ते क्रमानं आठवतेय. आधी मागच्या वेळी आलेल्या माणसाचा नंबर शोधला. चांगलं काम केलं होतं त्यानं. पण नाव आठवेना, आणि मोबाइल बदलल्यामुळे कॉलची यादी गेलेली. मग कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, सकाळी सहाला कोण उत्तर देणार? मग गुगल. पहिल्या तिघांनी उचललाच नाही. चौथ्यानं उचलला आणि म्हणाला, ‘ताई, मोटर बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, साडेसातला येतो.’ साडेसातला आला. त्या एका वाक्यावर मी त्याला काम दिलं, भाव विचारला नाही. कपॅसिटर गेला होता आणि वाइंडिंगही. त्यानं स्वतःची जुनी मोटर तात्पुरती बसवून दिली आणि आमची घेऊन गेला.

आता ऐका. त्याचाही नंबर माझ्याकडे नाही. ‘मोटरवाला’ म्हणून सेव्ह केला होता, आणि माझ्या फोनमध्ये ‘मोटरवाला’ नावाचे तीन आहेत, एक स्कूटरचा गॅरेजवाला.

याउलट इन्व्हर्टरवाल्याचा नंबर मला कधीच शोधावा लागत नाही. तो इन्व्हर्टरवरच चिकटवलेला आहे. बॅटरीत पाणी कधी भरलं ती तारीखही त्याच स्टिकरवर पेनानं लिहून जातो. अनिकेत, तुम्ही मोटरवर का लावत नाही?

अनिकेत_वाइंडिंगवाला | ५ एप्रिल, रात्री ११:३२

ताई, मी बिलावर नंबर देतो. मोटरवर लावायचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. मोटरवर पाणी उडतं, ती तापते, स्टिकर राहील का अशी शंका आहे.

छपाईवाला_जुनाराजवाडा | ६ एप्रिल, सकाळी ११:००

राहील, पण कागदाचा नाही. माझा प्रेस आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कागदी स्टिकर स्वस्त पडतो आणि पहिल्या पावसाळ्यात लगदा होतो. विनाइल घ्या, वरून लॅमिनेशन करा. मोटरच्या अंगावर लावू नका, ती तापते आणि दुरुस्तीला उचलली की स्टिकरही जातो. स्टार्टरच्या पेटीवर किंवा भिंतीवरच्या बोर्डावर लावा, जिथे माणूस बटण दाबायला हात नेतो. बोरिंगचं पॅनल असेल तर झाकणाच्या आतून. तिथे ऊन नाही, पाणी नाही, वर्षानुवर्षं टिकतो. लावायच्या आधी जागा कोरड्या फडक्यानं पुसा, धूळ असली तर कुठलाही गोंद धरत नाही.

रंग: लोकांना लाल आवडतो. उन्हात सगळ्यात आधी लालच उडतो. नंबर काळ्यात, पिवळ्या किंवा पांढऱ्यावर. नंबर एवढा मोठा की म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावा. दोन ओळी कोऱ्या सोडा, तारीख आणि केलेलं काम लिहायला. त्यासाठी वरचं लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीतवर बॉलपेन चालत नाही. कायम शाईचं मार्कर पेन खिशात ठेवा.

देवाचा फोटो टाकू नका. लोक स्टिकर काढत नाहीत हे खरं, पण मोटरच्या खोलीत पाय लागतो, मग अपराधी वाटतं आणि झाकून ठेवतात.

वकीलीण_टिळकनगर | ६ एप्रिल, दुपारी १२:४०

फ्लेक्स का गायब झाला ते सांगते. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत गेलं, तेव्हापासून भिंती आणि खांब महापालिका फार जपते. आणि कायदा त्याहून जुना आहे. मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४. मालकाच्या परवानगीशिवाय दिसणाऱ्या जागी लिहिलं, रंगवलं, चिकटवलं तर एक हजारापर्यंत दंड. विजेच्या खांबावर ‘मोटर रिपेअर’चा कागद चिकटवणारा स्वतःचाच फोन नंबर पुरावा म्हणून लिहून ठेवत असतो.

पंपघराच्या आत, घरमालकाला विचारून लावलेला स्टिकर यात येत नाही. विचारून मात्र लावा.

ग्वाल्हेरकर | ६ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात या कामाचा खरा दलाल म्हणजे हार्डवेअर आणि सॅनिटरीच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस. मोटर जळली की अर्धे लोक आधी तिथेच जातात, ‘नवी केवढ्याला?’ विचारायला. तो म्हणाला, ‘नवी कशाला, अमक्याकडून भरून घ्या’, की काम तुमचं. तुमच्या भागातल्या आठ-दहा दुकानांत जाऊन बसा. चहा घ्या. काउंटरवर कार्ड ठेवा. आणि सरळ सांगा, प्रत्येक कामामागे शंभर रुपये देईन. बिल्डिंगच्या चौकीदारांनाही तसंच.

रामबागकर | ६ एप्रिल, रात्री ८:१०

दुकानदाराकडे जा, ओळख करा, कपॅसिटर आणि फूट-व्हॉल्व्ह त्याच्याकडूनच घ्या. तो आपोआप तुमचं नाव सांगेल. पण कमिशन देऊ नका. ते शंभर रुपये शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलातच येतात, आणि उद्या दुसरा दीडशे देईल तेव्हा चौकीदार तुमच्या कामाला नावं ठेवून त्याला बोलावेल.

ग्वाल्हेरकर | ६ एप्रिल, रात्री ८:३१

काका, तत्त्व मान्य. पण चौकीदाराला महिन्याला मिळतं काय? आपण पेपरवाल्याला पर्चे टाकायचे पैसे देतोच ना, ती लाच नाही. हा माणूस रात्री दोन वाजता वाहती टाकी बघून फोन करतो, त्याच्या वेळेचे पैसे का देऊ नयेत?

कूलरवाले_काका | ६ एप्रिल, रात्री ९:००

मी मधला रस्ता काढलाय. कामामागे पैसे नाही देत. दिवाळीला माझ्या भागातल्या बावीस चौकीदारांना मिठाई आणि एक टॉर्च देतो. टॉर्चवर माझा नंबर. कुणी काम दिलं, कुणी नाही दिलं, सगळ्यांना सारखं. आता तर ते मला मोटर जळायच्या आधीच फोन करतात, ‘आवाज बदललाय, बघून जा.’

प्रज्ञा_निपानिया | ६ एप्रिल, रात्री ९:१५

टॉर्च! हे फार आवडलं.

मीनल_वैशालीनगर | ७ एप्रिल, सकाळी १०:२५

एक वेगळा प्रश्न. स्टिकर मराठीत करणार की हिंदीत? आपल्या मंडळांच्या स्मरणिकेत जाहिरात देणार का?

अनिकेत_वाइंडिंगवाला | ७ एप्रिल, सकाळी १०:५०

स्टिकर हिंदीतच, ताई. मोटरचं बटण घरातलं कुणीही दाबतं, भाडेकरूही दाबतो. गणपतीच्या स्मरणिकेत बाबा दरवर्षी छोटी चौकट देतात, मीही देतो.

रामबागकर | ७ एप्रिल, सकाळी ११:३०

स्मरणिकेतली चौकट म्हणजे वर्गणी. अवश्य द्या, पण ती जाहिरातीच्या खात्यात धरू नका. त्यातून गिऱ्हाईक येत नाही म्हणून मग मंडळावर राग धरायला नको.

माळवी_मराठी | ७ एप्रिल, दुपारी १:००

यावरून आठवलं, आमच्या आजोबांच्या दुकानाची पाटी मोडीत होती. मुनीम सोडून कुणाला वाचता येत नव्हती, तरी दुकान चाळीस वर्षं चाललं. पाटीपेक्षा बसणारा माणूस लोकांच्या लक्षात राहायचा. मराठी जत्रेत स्टॉल लावायची कल्पना कशी वाटते? तिथे अख्खं मराठी इंदूर येतं.

कूलरवाले_काका | ७ एप्रिल, दुपारी १:२०

जत्रेत माणूस थालीपीठ खायला येतो, त्याला मोटर आठवत नाही. खाण्याच्या, कपड्याच्या, दिवाळीच्या फराळाच्या धंद्याला जत्रा उत्तम. आपल्याला नाही.

सौरभ_डिजिटल | ७ एप्रिल, रात्री ९:४०

अजून दोन गोष्टी, मग थांबतो.

एक, व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ‘आता कामावर आहे, अर्ध्या तासात फोन करतो’ असा संदेश आपोआप जाण्याची सोय आहे. प्रज्ञाताईंच्या त्या तीन न उचललेल्या फोनपैकी एखादा तरी तुमच्यासारखाच बोरिंगमधून पाइप ओढत असणार. हात ग्रीसनं भरलेले असताना फोन उचलता येत नाही, ते समजतं, पण परत फोन केलाच पाहिजे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून काकांची ‘नंबर लिहून ठेवा’वाली गोष्ट आधी करा, माझी नंतर. काका, मी सपशेल मान्य करतो.

दोन, रिव्ह्यू. काम झालं, पाणी वर चढलं, माणूस खूश आहे, त्याच क्षणी लिंक पाठवा. दुसऱ्या दिवशी कुणी लिहीत नाही. पण ‘रिव्ह्यू लिहा, पन्नास रुपये कमी करतो’ असं करू नका, गुगलला ते चालत नाही आणि वाचणाऱ्यालाही कळतं. एखादा वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका. काय झालं, काय दुरुस्त केलं, तेवढं लिहा.

पैसे देऊन करायची फेसबुक-गुगलची जाहिरात आत्ता नको. आधी प्रोफाइलवर पंधरा-वीस खरे रिव्ह्यू येऊ द्या.

रामबागकर | ७ एप्रिल, रात्री १०:००

सौरभ, मीही मान्य करतो की वहीत नसलेला माणूस माझ्या हिशेबात नव्हता. अनिकेत, एक वही अजून करा. प्रत्येक नव्या फोनला विचारा, ‘नंबर कुठून मिळाला?’ आणि लिहा. दोन महिन्यांनी इथे येऊन सांगा. त्याशिवाय आपण सगळे नुसते अंदाज बांधतोय.

पोहे_उसळ | ८ एप्रिल, सकाळी ८:०५

आणि मिर्ची राहिलीच. 😀

अनिकेत_वाइंडिंगवाला | १४ जून, रात्री १०:२०

काका, वही ठेवली. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला होता.

बाबांच्या अकरा वह्यांतून तीनशे चाळीस नावं निघाली, त्यातले निम्म्याहून जास्त नंबर बंद किंवा दुसऱ्याचे. उरलेल्यांना रोज दुपारी दोन ते चार फोन केले. मी नाही, बाबांनी केले. मी पहिल्या दिवशी चार फोन केले, लोक ‘कोण अनिकेत?’ म्हणायचे. बाबांनी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, ‘वहिनी, मी बोलतोय, तुमच्या विहिरीवरची दीड एचपीची मोटर, पायरीखाली बसवली होती ती.’ त्या बाई पलीकडून रडायलाच लागल्या, कारण विहीर बुजवून तिथे पार्किंग झालंय आणि काकाही गेले. पंधरा मिनिटं बोलल्या. शेवटी मुलाचा नंबर दिला, तो राजेंद्रनगरला असतो. बाबांना वह्या बघाव्याच लागत नाहीत. कुठल्या घरात कुठली मोटर, सगळं तोंडपाठ. तीन वर्षं ते खुर्चीत नुसते बसून होते, मी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं. हे मला फार लागलं.

मे महिन्यात नवीन फोन आले चौऱ्याहत्तर. एकोणतीस बाबांच्या वह्यांतले, म्हणजे ते स्वतः किंवा त्यांची मुलं-सुना-शेजारी. गुगलवरून अठरा, आणि सौरभदादा, यातले बरेच सकाळी सात ते नऊच्या मधले आहेत, प्रज्ञाताई म्हणाल्या तसेच अडलेले लोक. हार्डवेअरची दुकानं आणि चौकीदार मिळून अकरा. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी नंबर दिला म्हणून नऊ. स्टिकर बघून पाच, पण ते तर आत्ताच लावलेत, त्यांचा हिशेब पुढच्या वर्षी. जुन्या पर्च्यांवरून दोन. एका आजींनी पर्चा डब्याखाली अंथरला होता.

कमिशन दिलं नाही. टॉर्च दिवाळीला देणार आहे. दुकानांतून कपॅसिटर घेतो, त्यांचा एक माणूस तर आता मला गिऱ्हाइकासमोरच फोन लावून देतो.

वीस हजारांतले साडेपाच हजार स्टिकर आणि कार्डांवर गेले. बाकीच्यांतून चेन-पुली घेतली. बोरिंगमधून मोटर काढायला आधी दोन माणसं जास्त न्यावी लागायची, आता मी आणि एक मुलगा पुरतो. ही जाहिरात नाही, पण वेळेवर पोहोचता येतं.

काही कामं नाकारलीही. तिघांनी नळाच्या लाइनला थेट मोटर लावून मागितली. पालिका जप्त करते ते आहेच, पण त्यामुळे पुढच्या घरांचं पाणी तुटतं. बाबांनी कधी लावली नाही.

सौरभ_डिजिटल | १४ जून, रात्री १०:४८

एकोणतीस विरुद्ध अठरा! रामबागकर काकांना माझ्याकडून छप्पन दुकानवर पार्टी. पण दादा, जुलैचे आकडेही लिहा. वही संपत जाईल, गुगल वाढत जाईल असं मला वाटतं.

छपाईवाला_जुनाराजवाडा | १५ जून, सकाळी ११:१५

पावसाळ्यानंतर दहा-बारा ठिकाणचे स्टिकर बघून फोटो टाका. कुठे सुटला, कुठे टिकला ते मला कळलं पाहिजे. सुटले असतील तर पुढच्या खेपेला गोंद बदलून देतो, पैसे घेणार नाही.

प्रज्ञा_निपानिया | १५ जून, दुपारी ३:३०

बाबांना माझा नमस्कार सांगा. निपानिया तुमच्या टप्प्यात येत नाही हे कळतं, पण स्टिकरचं डिझाइन इथे टाकाल का? आमच्याकडे येणाऱ्या माणसाला दाखवते, त्यालाही करायला सांगते.

अनिकेत_वाइंडिंगवाला | १५ जून, रात्री ९:०५

टाकतो ताई, उद्या फोटो काढून. त्याला सांगा, तारखेखाली ‘रिकामी चालवू नका’ ही ओळ छापून घे. माझ्याकडे मे महिन्यात जळून आलेल्या बहुतेक मोटरी हौद किंवा बोरिंग कोरडं असताना चालवलेल्या होत्या.

रामबागकर | १५ जून, रात्री ९:४०

आमच्या मोटरवर स्टिकर नाही. रविवारी या, बेअरिंगचा आवाज येतोय. आणि वडिलांना घेऊन या. आमचं घर तळमजल्यावर आहे, रिक्षा दारापर्यंत येते, एकही पायरी नाही.

अनिकेत_वाइंडिंगवाला | १५ जून, रात्री ९:५२

दहा वाजता येतो काका. बाबा विचारतायत, मोटर किती एचपीची आणि कुठल्या साली घेतलेली?